काळ्या घोडीचे कान

वसंता पेंटर गेल्याची बातमी आली तेव्हा मी सावनेरला, मुलीच्या सासरी, व्याह्यांना वसंताचीच गोष्ट सांगत बसलो होतो. इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानाच्या भिंतीवर त्यानं घोडा काढला, तर सकाळी गवत विकणारी बाई त्याच्यापुढे भारा टाकून बसली, आणि दुपारी पाहते तर अर्धा भारा गायब... इथवर मी आलो होतो. एवढ्यात जावई एसटीतून उतरून आला, चपला न काढताच दारात थांबला आणि म्हणाला, "बाबा, वसंताकाका गेले. काल दुपारी." मी नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती गवताची गोष्ट तशीच अर्धवट राहिली. पुरी करायचा उत्साह अजून आलेला नाही. माझ्या गोष्टींचं एक होतं, मी त्या फुगवायच्या आणि शेजारी बसलेल्या वसंतानं विडी विझवत म्हणायचं, "अर्धं कर, गा." भारा नव्हता, पेंढी होती. गवत घोड्यानं नाही, गल्लीतल्या गायीनं खाल्लं. तो अर्धं करणार याच भरवशावर मी दुप्पट सांगत आलो. आता दुप्पट सांगितलं तर ते दुप्पटच राहतं, आणि त्याचं ओझं वाटतं.

वसंताचं घराणं विणकरांचं. घरात मागाचा खड्डा होता, त्यात वडील पाय सोडून बसत. मागावरून वसंता उठला तो पाट्या आणि सिनेमाचे बॅनर रंगवायला, पण माग त्याच्या हातातून गेला नाही. उभा ताणा निळा आणि आडवा बाणा तपकिरी घातला की धूपछाव लुगडं होतं, उजेडात हललं की रंग बदलतो. वसंता घोडा असाच रंगवायचा. रंग वाटीत कालवायचा नाही. निळ्याचे फटकारे उभे, तपकिरीचे आडवे, आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचा. काळ्या घोड्याला त्यानं कधी काळा रंग लावला नाही. "काळा लावला का भोक पडते भिंतीले," म्हणायचा. "पाठीवर आभाळ असते, पोटाखाली मातीचा उजेड असते. घोडा मंधात कुठं असते?" मे महिन्यात तर पोटाला तो चक्क विटकरी रंग द्यायचा, कारण तापलेली जमीन खालून उजेड फेकते. पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, तोही डोळ्यात एकच. मी लोकांना सांगायचो, त्या ठिपक्याला भिऊन कुत्री रस्ता बदलतात. तो म्हणायचा, "एक कुत्रं. तेही आंधळं."

कादरभाई टांगेवाले आमच्या दोघांचे दोस्त. त्यांची काळी घोडी बिजली म्हातारी होऊन मेली आणि कादरभाई ओट्यावर बसले ते उठेचनात. टांगे तसेही कमी होत चालले होते. मुलगा अन्वर ऑटोरिक्षा घेऊन आला, दारात उभी केली. बाप तिच्याकडे पाठ करून बसायचा. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. एकदाच म्हणाले, "सामने कान नहीं दिखते तो रस्ता कैसे दिखेगा?" मी मोठ्यानं हसलो. वसंता हसला नाही.

अन्वरच्या आग्रहावरून वसंतानं ऑटोच्या मागच्या पत्र्यावर बिजली काढली. चौखूर उधळलेली, अंगावर मावळतीचं ऊन, मानेवर निळी झाक. मी म्हणालो, ही आता ऑटो ओढून नेईल. कादरभाईंना हाताला धरून आणलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग अदबीनं म्हणाले, "बहोत बढिया घोडी है, वसंताभाई. किसकी है?"

वसंताचा चेहरा मी तेव्हा पाहिला. बॅनरवर पाणी पडून रंग ओघळले तरी तो तसा झाला नव्हता. घरी गेला आणि पडून राहिला. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यायले काही विचारा ना. मले तं बोलूनच नाही राहिले." विचारलं तर म्हणाला, "उद्या सकाळी चाल माह्यासंग. तोंड बंद ठेवशीन तं."

सकाळी आम्ही दुसऱ्या एकाच्या टांग्यात बसलो. वसंता पुढे, टांगेवाल्याला खेटून; मी मागे. इतवारीहून नंदनवनकडे निघालो, सूर्य समोर. बऱ्याच वेळानं तो न वळता म्हणाला, "पाह्यलं काय गा? मी आजवर घोडा बाजूनं काढला. रस्त्यावरच्या माणसाले दिसते तसा. कादरभाईनं बिजलीचं तोंड पाह्यलं कधी? दाणा टाकताना. बाकी जलमभर पाठ न् कान." मग बोट दाखवलं. ऊन समोरून येत होतं आणि घोड्याच्या पातळ कानांमधून आरपार जात होतं. अंग काळोखात, आणि कान आतून लाल... दिव्याभोवती धरलेल्या तळहातासारखे.

मागची घोडी त्यानं खरवडून टाकली. मला वाईट वाटलं, त्याला नाही. ऑटोच्या आत, काचेखालच्या पत्र्यावर, चालवणाऱ्याच्या नजरेसमोर त्यानं दोन कान काढले आणि आयाळीचा थोडा भाग. बस्स. निळ्या-तपकिरीच्या धूपछावीत, कडांना आतून फुटलेली लाली. उजवा कान पुढे ताठ. डावा किंचित मागे वळलेला, कारण कादरभाई वाटभर तिच्याशी बोलायचे. बाहेरून कुणाला काही दिसणार नव्हतं.

कादरभाई अन्वरच्या जागी बसले. समोर पाहिलं. हात नकळत लगामासारखे वर आले, जिभेनं टकटक केलं. मग वसंताकडे वळून म्हणाले, "सुन रही है." त्यापुढे मी लोकांना सांगत आलो की ऑटो आपोआप सुरू झाली आणि गांधीबागेला जाऊनच थांबली. वसंताचं म्हणणं, "पहिल्या झटक्यात सुरू झाली. लई झालं तेवढं."

त्याच्या भिंतींवरचे घोडे एकेक करून चुन्याखाली गेले. गवतवालीचा घोडाही गेला. गेल्या आठवड्यात वहिनींना भेटून निघालो तर कोपऱ्यावर कादरभाई ऑटोत बसलेले. थकले आहेत, पण सकाळची एक फेरी स्वतः मारतात. मी बसलो. नंदनवनकडे वळताना ऊन काचेतून आत आलं. उजव्या कानाचा रंग उडून पत्रा दिसू लागलाय. अन्वर दुसऱ्या पेंटरला आणणार होता, कादरभाईंनी हात लावू दिला नाही. डावा कान शाबूत आहे, मागे वळलेला.

"आज चूप बैठे, बडेभाई?" कादरभाई म्हणाले. "बोलो कुछ. वो सुन रही है."

मी जरा पुढे सरकून बसलो आणि गवताची गोष्ट सांगायला घेतली. पेंढीच होती, म्हणालो. गल्लीतल्या गायीनं खाल्ली.