कागल स्टँडवर जोडून दिलेलं नेट

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास माझ्या फोनवर इंटरनेट चालायचं आणि त्याचा मला भलताच माज होता. एका दुपारी कागलच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन घामाघूम झालेला.

"पावणं, जरा नेट मिळंल काय? नोकरीचा अर्ज आजच धाडायचा हाय."

नाही म्हणणं आपल्या रक्तातच नाही. पिशवीतली वायर काढून फोन त्याच्या लॅपटॉपला जोडून दिला, वर चहाही मीच पाजला. गाव विचारलं, तर नेसरीकडचं म्हणाला. जेवलास का, तेही विचारलं. नाव तेवढं विचारलं नाही. एकदा पावणं म्हटलं की आपल्याकडं नावाचं काम पडत नाही. अर्धा तास त्याचं चाललं होतं आणि मी शहाणा सभ्यपणानं दुसरीकडं बघत बसलो.

दोन महिन्यांनी पोलीस घरी आले, ते वडिलांना शोधत. सिमकार्ड त्यांच्या नावावर होतं. त्या दुपारी माझ्या फोनच्या नेटवरून कुणीतरी एका कॉलेजच्या मुलीचा फोटो, तिचा नंबर आणि खाली घाण मजकूर एका साईटवर टाकला होता. मुलीनं घराबाहेर पडणं सोडलं होतं. चौकीत तिचे वडील समोरच्याच बाकावर होते. "फोन मी वापरतो," असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाव काय त्येचं?" हवालदारानं विचारलं.

"माहीत नाही."

"दिसायला कसा हुता?"

"चारचौघांसारखा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग त्यो हाय तरी कुठं?"

जबाब घेतला, फोन ठेवून घेतला, आम्हाला सोडलं. पुढं कितीतरी रविवार मी कागलच्या स्टँडवर जाऊन माणसांची तोंडं बघत बसलो. चहावाल्याला तो सोडाच, मीसुद्धा आठवत नव्हतो.

आण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर शाळामास्तर. त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा जेवताना मात्र त्यांचा घास हातातच थांबला.

"खरं सांग. त्यो पावणा हुता न्हवं?"

"व्हय आण्णा, हुता की."

त्यांनी मान हलवली आणि जेवायला लागले. तो माणूस काही सापडला नाही. आण्णा त्यानंतर सात वर्षं होते, पण हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझं त्यांना पटलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.