तिथीने झालेली दोन वर्षं

पाडवा होऊन आठवडा झाला होता, तेव्हा माझा पासपोर्ट अमेरिकेचा व्हिसा लागून परत आला. तो आणायला भाची माझ्याबरोबर होती. भाची म्हणजे माझ्या नवऱ्याच्या बहिणीची मुलगी. ती इथे डब्लिनमध्ये चेरीवूडला राहते आणि तिथल्याच एका कंपनीत कामाला आहे. मी सहा वर्षं तिच्या घरी पोळ्या पोचवल्या, म्हणून तिच्या मामाशी माझं लग्न झालं तरी ती मला मामी म्हणत नाही, मावशीच म्हणते. बसमध्ये बसल्यावर तिने व्हिसाचं पान मला वाचून दाखवलं. मला इंग्रजी बोललेलं कळतं, अकरा वर्षं डब्लिनमध्ये काढल्यावर कळायलाच पाहिजे. पण छापलेलं समोर आलं की माझी चौथीपर्यंतची शाळा आडवी येते.

"सहा महिन्यांत कधीही जा मावशी. उद्या गेलीस तरी चालेल."

मी उद्याच गेले असते. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून झालं होतं. सिटीवेस्टच्या बाईंनी निरोपाची साडीसुद्धा दिली होती.

सँट्रीला खोलीवर आले आणि नवऱ्याला व्हिडिओ लावला. न्यू जर्सीत तेव्हा सकाळ होती. ते खात बसले होते.

"आला का? छान झालं," ते म्हणाले. "पण आत्ता यायचं नाही."

"म्हणजे?"

"आपल्या लग्नाला दोन वर्षं व्हायला दीड महिना राहिलाय. तेवढं थांब."

नियम त्यांनी मला समजावून सांगितला. अमेरिकेत शिरायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर बायकोला मिळतं ते कार्ड कच्चं. ते दोनच वर्षं चालतं. मग नवरा-बायकोने मिळून पुन्हा अर्ज करायचा, दोघांनी सह्या करायच्या आणि आपण खरंच संसार करतो हे सरकारला कागदांनी पटवायचं. दोन वर्षं पुरी करून गेलं तर पहिल्यापासूनच दहा वर्षांचं पक्कं कार्ड. ते बोलत होते आणि माझं लक्ष त्यांच्या ताटलीकडे होतं. एक हात आला आणि ताटलीत पोळी ठेवून गेला. मागून आवाज आला, "ताईंना सांगा, तारखेच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढते मी. त्याच दिवशीचं नको, दुसऱ्या दिवशीचं."

तो आवाज त्यांच्या मेहुणीचा. त्यांची पहिली बायको चार वर्षांपूर्वी वारली, तिची धाकटी बहीण. बहिणीच्या आजारपणात मदतीला म्हणून आली आणि वरच्या खोलीत राहिली ती राहिलीच. बँकेत नोकरी, गाडी चालवते, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझ्या व्हिसाचे सगळे फॉर्म तिनेच भरले. माझं जन्मगाव, माझ्या पहिल्या मालकांच्या, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या, मृत्यूचा दाखला, माझे फोटो, सगळं तिच्या हातून गेलं. ती मला ताई म्हणते. तिच्या गेलेल्या बहिणीलाही ती ताईच म्हणायची.

आमच्याकडे बायको मागे मेहुणी टाकून गेली की लोक पहिलं बोट तिच्याकडेच दाखवतात. घरचीच आहे, घर सांभाळेल, असं म्हणतात. मग यांनी तिच्याशी लग्न का नाही केलं? घरात तयार असताना एवढा समुद्र ओलांडून पोळ्या लाटणाऱ्या विधवेला का पसंत केलं? हे मी लग्नाआधी विचारायला हवं होतं. मला तेव्हा विचारता आलं नाही. मला कुणालाच काही विचारता येत नाही. दुकानातसुद्धा एखादी वस्तू दिसली नाही तर मी तशीच परत येते.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी त्या पोळीचाच विचार करत बसले. पोळी बघून मला बरंच कळतं. ती दुकानची नव्हती. घडीची होती, कडेपर्यंत सारखी लाटलेली, तव्यावर एकदाच दाबलेली, मऊ. माझ्या पोळीपेक्षा पातळ होती. आणखी एक गोष्ट मला टोचत होती. आम्ही साताऱ्याकडची माणसं चपाती म्हणतो; पोळी हा शब्द मला गिऱ्हाइकांनी लावला. ते सांगलीचे, तेही माझ्याशी बोलताना चपातीच म्हणतात. पण त्या फोनवर मान मागे वळवून ते म्हणाले, "पोळी पुरे." मेहुणी पुण्याची आहे.

म्हणजे हा दीड महिना कुणाला हवा आहे, असं मला वाटायला लागलं. नियम खरा असेल. पण नियम शोधून काढणारी तीच, तारीख मोजणारी तीच, तिकीट काढणारी तीच. मी जितकी उशिरा जाईन तितके दिवस ते स्वयंपाकघर तिचं. व्हिडिओत मागे दिसायचं ते सगळं मी टिपून घ्यायला लागले. प्रेसवर डब्यांची रांग, प्रत्येकावर इंग्रजीत चिठ्ठी. इथे राहून कपाटाला मीही प्रेस म्हणायला लागले आहे. खुर्चीच्या पाठीवर पिवळी ओढणी. त्यांच्या शर्टाच्या बाहीला कडक घडी. स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही.

"आज काय जेवलात?" मी रोज विचारायची.

"भाजी-चपाती."

"कुणी केली?"

"अगं, कुणी केली म्हणजे? झाली."

भाचीला माझी अवस्था कळत होती. ती सामान बांधायला मदत करायला आली तेव्हा म्हणाली, "लाटणं वरच ठेवू का बॅगेत? उतरल्या उतरल्या हाताशी लागेल." मी हसले नाही. मग तिने विषय बदलला.

माझ्या खोलीच्या खिडकीतून विमानं दिसतात. विमानतळ जवळच आहे. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघत नव्हते. आता प्रत्येक विमान वर चढलं की लाटणं थांबायचं.

आमचं लग्न अक्षय्य तृतीयेला झालं होतं. माझ्या बहिणीच्या घरी, साताऱ्यात, दहा-बारा माणसांत. यंदाची अक्षय्य तृतीया रविवारी आली. मी सकाळी उठून देवाला साखरभात केला आणि तिकडे उजाडायची वाट बघत बसले. उजाडल्यावर फोन लावला.

"आज दोन वर्षं झाली," मी म्हणाले.

"आज? अजून तीन आठवडे आहेत."

"अक्षय्य तृतीयेला लग्न झालं. आज अक्षय्य तृतीया. दोन वर्षं झाली."

ते हसले. "तिथीने झाली गं. अमेरिकेचं सरकार तिथी बघत नाही, तारीख बघतं. आपलं लग्न दहा मेला झालं. तिथी मागेपुढे होते, यंदा एकवीस दिवस आधी आली."

"पहिल्या बायकोच्या वर्षश्राद्धाला तुम्ही तिथी बघता ना? मग माझ्याच वेळी तारीख कशी?"

मी असं बोलले याचं मलाच आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "तिने सगळं नीट बघून ठरवलंय. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस."

तिने. तेवढ्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं.

तसाच डबा घेऊन मी चेरीवूडला गेले. साखरभात भाचीपुढे ठेवला आणि म्हणाले, "माझं अकरा मेचं तिकीट बदलून दे. या गुरुवारचं मिळालं तर बघ."

"मामाला विचारलंस?"

"हो."

आयुष्यात मी फार कमी खोटं बोलले असेन, पण ते इतकं सरळ निघालं की भाचीला संशयही आला नाही. तिने फोनवरच बदलून दिलं. गुरुवारी सकाळचं. मी परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा मला अगदी हलकं वाटत होतं. दारात उभी राहिले की ती काय करते ते मला बघायचं होतं. ओढणी कुठे लपवते, ते बघायचं होतं.

संध्याकाळी फोन वाजला. ते नव्हते. ती होती. ती मला एकटीने कधी फोन करत नसे.

"ताई, मला विमान कंपनीचा मेल आला. तिकीट मी काढलं होतं ना. गुरुवारचं झालंय. चुकून झालं का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भावजींना मी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

"दीड महिना तुम्हीच लावलात," मी म्हणाले. "सगळं तुम्हीच ठरवता."

"हो. मीच ठरवलं." ती म्हणाली. "मी अमेरिकेत आले तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं व्हायला नऊ दिवस कमी होते. नवऱ्याला घाई होती, मलाही होती. कच्चं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी त्याच्या सहीची वेळ आली. तोवर तो बरा होता. सही मागायची वेळ आल्यावर बदलला. चहा गार झाला तर म्हणायचा, करू का मग सही? माझ्या आईचा फोन आला तर म्हणायचा, करू का सही? शेवटी केलीच नाही. घटस्फोट घेऊन एकटीने अर्ज केला, तो मिटेपर्यंत मी रात्री झोपले नाही. नऊ दिवस, ताई."

मी खाटेवर बसले.

"भावजी तसे नाहीत. पण सही मागावी लागली की माणूस कसा होतो ते मी बघितलंय. त्यांच्या हातात ती गोष्ट देऊच नका. आणि त्यांचं बायपास झालंय. उद्या काही झालं तर तुम्ही कोणाची सही आणणार?"

तिचं सगळं खरं होतं, हे मला ऐकता ऐकताच कळत होतं. आणि कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता. ती वाईट असती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला दुसरंही काहीतरी विचारायचंय," ती म्हणाली. "विचारून टाका."

फोन असल्यामुळेच विचारता आलं. समोर असती तर मेले असते तरी विचारलं नसतं. "त्यांनी तुम्हाला मागणी घातली होती?"

"त्यांनी नाही. माझ्या आईने घातली, त्यांना. ते हो म्हणाले असते. मी नको म्हटलं."

मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की आतलं शांत होईल. झालं उलटंच. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्या ताटातलं ती उचलतेय. आता कळलं, तिने नको म्हणून बाजूला सारलेलं ताट माझ्यापुढे आलं होतं.

"मी जूनपासून दुसरीकडे खोली घेतलीय," ती म्हणाली. "ते तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगतेय. तिकिटाचं तुम्ही ठरवा."

फोन ठेवल्यावर मी कणीक भिजवायला घेतली. दुसऱ्या दिवशी सँट्रीच्याच एका घरी तीस पोळ्या द्यायच्या होत्या. कणीक मळता मळता मला माझे पहिले मालक आठवले. ते रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी होते. त्यांचं कामाचं परमिट रेस्टॉरंटवाल्याच्या सहीवर असायचं. दर वेळी सहीची वेळ आली की ते घरी येऊन कमी बोलायचे, आणि त्या महिन्यात सुट्टी म्हणून मागायचे नाहीत. एकदा ताप अंगात घेऊन तंदूरपुढे उभे राहिले होते. सहीसाठी वाकलेला माणूस मी जवळून बघितला होता. तिने न सांगताही मला हे माहीत होतं. फक्त तिचा राग करता करता मी ते विसरले होते.

मी भाचीला फोन केला आणि खोटं बोलल्याचं कबूल केलं. ती आधी ओरडली, मग हसली. "मावशी, तू आणि खोटं! मी मामाला सांगणार नाही, पण मला जन्मभर साखरभात लागेल." तिकीट पुन्हा दहा मेच्या दुसऱ्या दिवशीचं झालं, सोमवारचं.

राहिलेले तीन आठवडे मेहुणी मला रोज फोनवर एकच वाक्य शिकवत होती. डब्लिनच्या विमानतळावरच अमेरिकेचे अधिकारी बसतात. तिथे तपासून घेऊन मगच विमानात सोडतात. व्हिसावर कच्च्या कार्डाचीच खूण छापलेली होती, कारण व्हिसा दिला तेव्हा दोन वर्षं झाली नव्हती. अधिकाऱ्याच्या लक्षात आलं नाही तर तो तीच खूण पुढे चालवेल, म्हणून आपणच सांगायचं: लग्नाला दोन वर्षं पुरी झालीत, मला पक्कं कार्ड द्या. ते इंग्रजी वाक्य मी मराठी अक्षरांत वहीत लिहून घेतलं. ती म्हणायची, "पुन्हा म्हणा. घाबरून नाही. बरोबर आहे ते सांगताय तुम्ही." मी पुन्हा म्हणायची. मधेच मागे त्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा आणि माझं वाक्य चुकायचं.

सोमवारी भाचीने मला विमानतळावर सोडलं. सिक्युरिटीच्या रांगेत बांगड्या काढायच्या की नाही ते मला कळेना. तिथला माणूस म्हणाला, "यू आर ग्रँड, लव्ह," म्हणजे असू दे, काही हरकत नाही, तेव्हा जरा बरं वाटलं. मग अमेरिकेची खिडकी आली. अधिकाऱ्याने बोटं उमटवून घेतली, फोटो काढला, पासपोर्ट उघडला आणि शिक्का उचलला. आता बोलायचं होतं. त्याच्या मागच्या काचेत मी स्वतःला बघितलं, साडीवर जाकीट घातलेली, दुकानातून काही न घेता परत येणारी बाई.

मग मी ते वाक्य म्हटलं. अगदी तिच्यासारखं, तिच्या चालीत, शेवटच्या शब्दावर जोर देऊन.

त्याने शिक्का खाली ठेवला. लग्नाचा दाखला मागितला. त्याच्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं, घड्याळाकडे बघितलं, आणि "यस्टरडे," म्हणून हसला. पासपोर्टमध्ये त्याने छापलेली खूण खोडून पेनाने दुसरी लिहिली. पक्कं झालं. नवऱ्याच्या घरात शिरायची परवानगी मला मिळाली, आणि ती मिळवणारं वाक्य दुसऱ्या बाईचं होतं. हे मला जन्मभर खटकणार आहे. खटकू दे.

विमानाच्या दारापाशी बसून मी त्यांना फोन लावला.

"झालं?"

"झालं. दहा वर्षांचं."

"वा! तिला सांगतो. ती सकाळपासून फोनजवळ बसलीय." मग आवाज जरा लांब गेला. "झालं म्हणते. हो, पक्कंच." मागून तिचं हसू ऐकू आलं. खरं, मोकळं हसू होतं. ते माझ्यासाठी होतं, तरी मला त्यांच्या घरात ते नको वाटलं.

"काय खाल्लंत?" मी विचारलं.

"अजून काही नाही. ती कणीक भिजवतेय, तू येईपर्यंत गरम पोळ्या—"

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "कणकेला हात लावू नका. तिघांचं मी येऊन करते."