दुकानाच्या डेमोतली आजी

कॅमेऱ्याच्या दुकानात रेकॉर्डिंग फार दिवस टिकत नाही. डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं बसतं. किश्श्यांना मात्र ही सोय नाही, ते साठतच जातात. तुमसरच्या आमच्या दुकानातले हे थोडे. सांगायला बसलं की सगळेच फिरून फिरून एकाच खोलीत येतात, त्याला माझा इलाज नाही.

*

दुकानाचे मालक बंडूभाऊ. कॅमेरे भिंतीवर बसवायचे ते जगदीशने. आणि कॅमेऱ्यातलं चित्र गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये लाइव्ह दाखवायचं, ते काम माझं. मी इंजिनिअर आहे. निदान कागदावर तरी.

अडचण अशी, की कॅमेरा ज्या भाषेत बोलतो ती ब्राउझरला कळत नाही. मध्ये सर्व्हर लागतो. तो व्हिडिओचे बारीक तुकडे करतो आणि लेकराला घास भरवावेत तसे ब्राउझरला एकेक भरवतो. आणि ब्राउझर असा नाठाळ, की दोन-चार घास ताटात जमल्याशिवाय तोंडच उघडत नाही! म्हणून आमचं 'लाइव्ह' नेहमी थोडं मागून येतं.

हे मी एका गिऱ्हाइकाला चांगलं घाम येईपर्यंत समजावलं. ते काका माझ्याकडे बघत होते आणि शेवटी बंडूभाऊंकडे बघायला लागले.

बंडूभाऊ म्हणाले, "हे पाहा, कॅमेरा देते धान. ब्राउझरले पाहिजे तांदूळ. मॅडम आमची राइस मिल हाये. आता भरडाले टाइम लागन का नाही?"

"लागन ना जी!"

तेव्हापासून मी राइस मिल. पुढे कोणाचाही फोन आला, की मी समजावण्याच्या भानगडीत न पडता एकच वाक्य म्हणायची, "थांबा जी, थोडं उशिरा येते."

*

मोहाडीला कोशाच्या रेशमी साड्यांचे एक व्यापारी आहेत. दुकानात कॅमेरा लागला तशी त्यांनी मोबाइल हातात धरून कॅमेऱ्यासमोर हात हलवला. मोबाइलमधले शेटजी ढिम्म उभे. त्यांनी आणखी जोरात हलवला, तरी काही नाही. वैतागून हात खाली घेतला आणि मला फोन लावला. तेवढ्यात मोबाइलमधले शेटजी सुरू झाले!

"मॅडम, हा कोण हात हलवून राहिला?"

"तुम्हीच, शेटजी."

"मी तं कवाचा थांबलो! याले थांबवा ना आता!"

*

बपेऱ्याच्या किराणावाल्याचं तर याहून वरचं. तो बालाघाटला लग्नाला गेला होता आणि मांडवात बसून मोबाइलवर आपलं दुकान बघत होता. इकडे नेट गेलं, आणि ब्राउझरवर शेवटचं चित्र तसंच थिजून राहिलं.

याने बायकोला फोन केला, "अवो, त्या बाईले साखर दे ना! कवाची पिशवी घेऊन उभी हाये, गरीब."

बायको म्हणाली, "ते तं साखर घेऊन घरी गेली, चहा पिऊन झाला असन तिचा. तुमी जेवले का?"

*

आता आमच्या घराचं.

नवरा चिखल्याकडे, खाणीतला माल वाहणाऱ्या ट्रकांवर सुपरवायझर. सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मी दुकानात. आमची ओवी तेव्हा नुकती चालायला-बोलायला लागलेली, ती सासूबाईंजवळ. सासूबाईंना मी आईच म्हणायची. त्यांचं अर्धं आयुष्य मागावर कापड विणण्यात गेलं होतं आणि तिथूनच दमा घेऊन त्या उठल्या होत्या. त्यात ओवी म्हणजे भिंगरी. यांच्याने होईल का, मी नोकरी सोडावी का, हा विचार माझ्या डोक्यात सकाळपासून दळण दळायचा. मग मी दर थोड्या वेळाने फोन करायची. ओवी जेवली का? झोपली का? झोपली असेल तर श्वास घेते आहे ना?

एक दिवस आईच बोलल्या, "लावून टाक बाई तुह्या दुकानातला कॅमेरा! तू फोन करतं अन् पोरगी उठते."

बंडूभाऊंना कळल्यावर ते खूश. दुकानात डेमो दाखवायला काहीतरी लाइव्ह हवंच होतं. त्यांनी कॅमेरा फुकट दिला, आणि त्या दिवसापासून येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आमच्या घरातली मधली खोली बघायला लागलं. आईंना हे सांगितलं तेव्हा मी धास्तावले होते. दुसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये घराचा टॅब उघडून बघते, तर ठेवणीतली साडी, डोक्यावर पदर, आणि मांडीवर पावडर लावलेली ओवी!

जगदीश कॅमेरा बसवायला गेला, तेव्हा आईंनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "बाबू, याले कुठवर दिसते?" त्याने खडूने फरशीवर रेघ मारून दाखवली. इथवर दिसतं, पलीकडचा कोपरा दिसत नाही.

हे त्याने मला फार नंतर सांगितलं.

*

एकदा टॅबमध्ये ओवी पाटावरून पडलेली दिसली. मी किंचाळत फोन लावला, "आई, ओवी पडली!"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "पडली, रडली, उठली, आता बिस्कीट खाऊन राहिली. तुह्या टीव्हीत आत्ता पडली का?"

मी ओशाळले. मागून ओवीचा आवाज आला, "आई पाहाते?" तिला आई म्हणाल्या, "पाहाते ना. पण तुह्या आईले सारं उशिरा दिसते. तू थांबत जा थोडी."

मग हा खेळच झाला. ओवी कॅमेऱ्याला टाटा करायची आणि हात खाली न घेता तशीच उभी राहायची. माझ्या टॅबमध्ये टाटा पोचला, की मी घरी फोन करायची. फोन वाजला, की ती टाळ्या पिटायची. दुकानात गिऱ्हाईक असलं, तर तेही पिटायचं.

*

एकोडीचे एक शेतकरी काका, त्यांना कोठारावर कॅमेरा हवा होता. बंडूभाऊ दर सांगत होते, पण काकांचं लक्ष डेमोत. बराच वेळ बघून मला म्हणाले, "बाई, तुमची म्हातारी घडीघडी त्या कोपऱ्यात काहून जाते?"

मी संध्याकाळी आईंना विचारलं. त्या लाजून हसल्या, "तंबाखू खाते ना मी. परक्या माणसाईसमोर कशी खाऊ?"

मला इतकं हसू आलं! दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना सांगितलं. तो आमच्याकडचा सगळ्यात आवडता किस्सा झाला. आई टॅबमधून उठून कोपऱ्याकडे निघाल्या, की बंडूभाऊ म्हणायचे, "चला, म्हातारीचा इंटरव्हल झाला."

इंटरव्हल वाढत गेले, एवढं आमच्या ध्यानात आलं. डोस वाढला असेल, असं जगदीश म्हणाला. आम्ही पुन्हा हसलो.

*

त्या दिवशी दुपारी टॅबमध्ये ओवी एकटीच होती. फरशीवर खडूची रेघ होती, त्या रेघेवर उभी. पाठ माझ्याकडे, तोंड कोपऱ्याकडे, हातात पाण्याचा पेला पुढे धरलेला. मी वाट पाहिली. पलीकडून पेला घ्यायला हात आला नाही. ओवीचा हात खाली येईना.

मी चप्पल न घालता घरी धावले.

कोपऱ्यात खुर्ची होती. आई खुर्चीतच होत्या, ओठ निळे पडलेले. खुर्चीमागे कोनाड्यात तंबाखूची डबी. त्यात तंबाखू नव्हती, गोळ्या होत्या, आणि शेजारी दम लागल्यावर ओढायचा पंप. फरशीवरची रेघ तर रोज दिसायची मला. ओवी खडूने गिरवते, असं वाटायचं. पोछा मारला की आई ती पुन्हा ओढत होत्या.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून पहिला प्रश्न, "पोरगी कोणापाशी हाये?" आणि लगेच दुसरा, "मी तं दिसलीच नसन तुले. मंग समजलं कसं?"

"ओवी पाणी घेऊन उभी होती, आई. कोपऱ्याकडे पाहत."

त्यांनी डोळे मिटले. "हात्त! तिले सांगाचं राहूनच गेलं. पलीकडं यून दे म्हणून."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुकान सोडू नोको."

त्या घरी परत आल्या नाहीत.

*

तेरवी झाल्यावर मी दुकानात गेले, ओवीला घेऊनच. घरी आता कोण होतं? बंडूभाऊंनी टेबलाखाली सतरंजी अंथरून दिली. डेमोचा टॅब होता तसाच उघडा होता. रिकामी मधली खोली, आईंचा पाट, आणि फरशीवर पुसट झालेली रेघ. ते बदलायचं काम माझं. रोज ठरवायची आणि रोज दुसरं काही निघायचं. बंडूभाऊंनी कधी विचारलं नाही.

एक दिवस एक बाई आल्या, काखेत लहान लेकरू. त्यांना घरी कॅमेरा हवा होता, सासूजवळ बाळ ठेवून कामावर जायचं होतं. बंडूभाऊ जेवायला गेलेले. जगदीशने सवयीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मी माउस शोधत होते.

बाई बघत राहिल्या. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काहून जी, इथं तं कोणीच नाही!"

सतरंजीवर ओवी मुरमुरे खात बसली होती. तिने स्क्रीनकडे मान वर केली. मूठ तोंडातून काढली आणि अगदी माझ्यासारखं, समजुतीच्या सुरात म्हणाली,

"थांबा जी. थोडं उशिरा येते."