खांडीत उभा राहिलेला ड्रमर

पनवेलहून रोह्याची गाडी सुटली, तेव्हा माझ्याजवळ एक पाठपिशवी, पाण्याची बाटली आणि फोनमध्ये उतरवून घेतलेले तीन व्हिडिओ होते. तिन्ही 'उलटे पंखे' या माझ्या लाडक्या रॉक बँडचे. बँड मोडला त्याला काही वर्षं झाली; हे व्हिडिओ रोहा आणि पेण भागात केले होते, एवढंच मला ठाऊक होतं. एकटीनं फिरायची मला सवय नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत समोरचं माणूस निघून गेलेलं असतं.

पण तिसऱ्या व्हिडिओतल्या एका बाईला मला भेटायचंच होतं. त्या व्हिडिओत खाडीच्या बांधावर माणसांची रांग आहे. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात. बँडचा ड्रमर कमरेपर्यंत पाण्यात, डोळे मिटून उभा. गाणं दुःखाचं, आणि शेवटी रांगेतली एक बाई कॅमेऱ्याकडे वळून खदखदून हसते. ती का हसते यावर आम्हा चाहत्यांमध्ये कितीतरी वाद झाले आहेत. ड्रमर म्हणजे शरणागती आणि ती बाई म्हणजे समुद्र, असं मी एकदा लांबलचक लिहिलंही होतं.

रोह्याला पहिल्या व्हिडिओतला कुंडलिकेचा घाट सापडला. गायक जिथे बसून गातो ती पायरीही सापडली, पण तिच्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. गोधडीची मालकीण म्हणाली, "फोटो काढायचाय? थांब, उचलते." मी घाईघाईनं "नको, नको" म्हटलं आणि निघाले. पुढे चहा पिताना स्वतःचाच राग आला. एवढ्या लांब येऊन मी गोधडीचा फोटोसुद्धा काढला नव्हता.

रात्री पेणला आईच्या मैत्रिणीकडे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीच्या कारखान्यात गेले. दुसऱ्या व्हिडिओत गिटारवाला पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगांमधून चालत जातो, तो कारखाना हाच. गणपती होऊन फार दिवस झाले नव्हते, तरी पुढच्या वर्षाचे साचे भरायचं काम सुरू होतं. मालक दिनेशदादा हात पुसत बाहेर आले. मी फोन पुढे केला.

"हा लांब केसांचा काय? दोन सोंडा पाडल्यान यानं. ते नसंल ना दाखवलं?"

"नाही."

"कशाला दाखवतील!" आतून कुणीतरी ओरडलं, "दादा, गिटारीनं पाडल्यान म्हणून सांगा. हातानं पडल्या असत्या तर माफ होतं." सगळे हसले.

मी तिसरा व्हिडिओ लावला आणि त्या बाईवर थांबवला. दिनेशदादांनी लगेच ओळखलं. "ही आमची वनिता, मावशीची सून. पण ताई, आज तिला बोलायला सवड नाय. त्रिपुरी पुनवेचं उधाण हाय. भात कापून शेतात पडलंय. बांधानं पाणी अडवलं तर बोलंल."

"आणि नाही अडवलं तर?"

"मग वर्षाचं भात गेलं. खारं पाणी शिरलं की पुढं दोन-तीन वर्षं जमीनपण नीट पिकत नाय."

परत फिरावं असं मला वाटलं. अशा दिवशी कुणाला हसण्याचं कारण काय विचारणार? पण दिनेशदादांनी तोवर रिक्षावाल्याला गाव सांगून टाकलं होतं.

खाडीकडे उतरल्यावर हवाच बदलली. एका बाजूला मिठागरांचे रिकामे चौकोन, दुसऱ्या बाजूला कापलेल्या भाताची पिवळी कडपं (वाळायला पसरलेल्या पेंढ्या). मधे मातीचा उंच बांध. बांधापलीकडचं पाणी शेतापेक्षा वर होतं.

वनिताताई लांबूनच ओळखू आली. साडी खोचलेली, डोक्याला फडका.

"काय गो, कुणाकडं आलीस?"

"तुमच्याकडेच. तो व्हिडिओ..."

"व्हिडिओचं मागनं. बांधावर आलीस ना? मग जोळात आलीस. चपला काढ."

जोळ म्हणजे एका बांधामागे शेतं असणाऱ्यांनी मिळून तो बांध राखायची इथली जुनी रीत. उधाणाला घरटी एक माणूस बांधावर हवंच, आणि पाहुणा जरी बांधावर उभा असला तरी त्यालाही कामाला हात लावावा लागतो.

दुपारी पाणी पुरतं चढलं आणि कुणीतरी ओरडलं, "बीळ फुटलं!" खेकड्याच्या बिळातून पाण्याची धार शेतात पडत होती. बघता बघता बिळाच्या कडा ढासळू लागल्या. याचीच मोठी खांड (भगदाड) होते. रांग लागली. ओला चिखल, मधे पेंढा, पुन्हा चिखल. माझ्या पुढे वनिताताई, मागे एक आजोबा. गोळा देताना "घे!" म्हणायचं, कारण पुढच्याची नजर पाण्यावर असते. माझ्या तोंडून ते निघेना. माझा पहिला गोळा वनिताताईच्या पायावर पडला. दुसरा पाण्यात.

"मुकी हाय काय ही?" आजोबा कावले.

"मुकी नाय, इंग्रजी शाळेतली हाय," वनिताताई म्हणाली. मग मागे न वळता मला म्हणाली, "ओरड गो! माझं भात हाय ते!"

धार आता मनगटाएवढी झाली होती. सगळ्यात जवळचं कडप भिजू लागलं. मी "घे!" म्हटलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. मग मी अशी ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. वनिताताईचा हात बरोबर मागे आला. गोळा गेला. त्यानंतर किती गेले माहीत नाही. धार बारीक झाली, मग नुसती ओल उरली.

ओहोटी लागल्यावर सगळे बांधावरच बसले. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि कांदा. माझ्या हातांना चिखलाचा वास होता, तसंच खाल्लं. शेवटी मी त्या हसण्याचं विचारलं.

"त्या दिवशी असंच फुटलं होतं गो," वनिताताई म्हणाली. "ते पोरगे सूर्य बुडायची वाट बघत बसलेले. आम्ही म्हटलं, बांधावर हायत ना, या जोळात. माती येईस्तोवर भोक बुजवायला काय नव्हतं. मग तो जाडा होता, त्याला खांडीत उभा केला."

"ड्रमरला?"

"व्हय. आणि तो डोळं मिटून ओरडतोय, 'काकी, पँटीत खेकडा शिरला!' हसू नको तर काय करू?"

"पण हाललं नाय पोरगं," आजोबा म्हणाले. "त्या साली भात वाचलं ते त्याच्यामुळं. आम्ही अजून त्याला बूच म्हणतो."

माझी शरणागती आणि माझा समुद्र मी तिथेच चटणीबरोबर गिळून टाकले. खरं सांगायचं तर मला आता तो व्हिडिओ जास्तच आवडतो.

निघताना वनिताताईनं माझा नंबर घेतला. रात्रीच्या भरतीला त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं, आणि भात उचलायला अजून दोन दिवस लागणार होते. पेणहून एसटीत बसले तेव्हा घसा पार बसलेला होता. कंडक्टरला "पनवेल" हे फोनवर लिहून दाखवावं लागलं. इतकी वर्षं हे व्हिडिओ मी खोलीचं दार लावून, कानात इयरफोन घालून पाहत आले. माझ्यासारखाच एकटा उभा आहे म्हणून तो ड्रमर मला जवळचा वाटायचा. त्याच्या मागे सबंध गाव माती घेऊन येत होतं, हे चौकटीत दिसत होतंच. रांगेच्या त्या हालचालीला मी नाच समजत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर आवाजी निरोप आला. मागे कोंबड्या, कुणाचं तरी हसणं, आणि वनिताताई: "भात घरात आलं गो. सुकं हाय."

मी उत्तर टाइप केलं, पुसलं. मग फोन तोंडाजवळ धरला आणि कुठलंही वाक्य न जुळवता बोलायला लागले.