हात मागे बांधलेले बाबर सर

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. बाबर सरांचा मुलगा म्हणाला, "बाई, अण्णा गेले." मी म्हटलं, "कुठं?" ...आता या वयात 'गेले' म्हटल्यावर कुठं ते विचारायचं नसतं, एवढी अक्कल मला हवी होती. मेथी तशीच टाकून निघाले. सांगलीहून साताऱ्याला पोचले तेव्हा पाहिलं, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

त्याला महिना होऊन गेला. या महिन्यात सरांवर दोन-तीन ठिकाणी छापून आलं आणि सगळीकडे एकच पालुपद : 'विद्यार्थ्यांवर कधीही हात न उगारणारे मृदू स्वभावाचे शिक्षक'. वाचून माझं टाळकं सरकलं. मृदू? हणमंतराव बाबर? अहो, साठ-एकसष्ट सालच्या सुमारास त्यांच्याइतका मारकुटा मास्तर आमच्या भागात शोधून सापडला नसता! मेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याला भारी हौस, पण त्यात तो माणूस होता कसा हेच पुसून जातं. मी त्यांच्याबरोबर एका शाळेत शिकवलं आहे, एका बाकावर बसून पुढचं शिक्षणही घेतलं आहे. तेव्हा मला जे दिसलं ते मी सांगणार.

शाळा कराडच्या खाली, कृष्णेकाठच्या एका गावात. मी गणित शिकवायला नवी लागले होते. बाबर सर आधी पलटणीत होते, हवालदार होऊन परत आले, मग बी. ए., बी. एड. करून मास्तर झाले. मराठी आणि इतिहास शिकवायचे. त्यांच्या तासाला वर्गात पाल चुकचुकलेली ऐकू यायची. शाळेच्या कुंपणाला निगडीची झुडपं होती, आणि ज्या पोरानं चूक केली त्यानंच जाऊन स्वतःसाठी ओला फोक तोडून आणायचा, अशी सरांची रीत. बारीक आणला तर दुसरा आणायला पाठवायचे. मी एकदा म्हटलं, "सर, हे अती होतंय." तर म्हणाले, "बाई, तुमी सांगलीच्या. तुमच्याकडं पोरं हळदीसारखी पिवळी असतील, आमच्याकडची दगडी हायत." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

पुढे एका वर्षी त्यांच्या थपडेनं एका पोराच्या कानातून रक्त आलं. शर्टाची कॉलर भरली. पोराचा बाप शाळेत आला, आणि मला वाटलं आता रामायण होतंय. तर तो सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं. एका कानानं ऐकंल त्यो." सर त्या दिवशी डबा न खाता घरी गेले.

त्यानंतरच त्यांनी एम. एड. ला नाव घातलं. मीही घातलं होतं. कोल्हापूरला जायचं, व्याख्यानं ऐकायची आणि आपापल्या वर्गात एखादा प्रयोग करून त्यावर प्रबंध लिहायचा. कृतिसंशोधन हा शब्द तेव्हा नवा कोरा होता आणि आम्ही तो येता-जाता वापरायचो. पहिल्याच बैठकीत प्रत्येकानं आपल्या वर्गाबद्दल बोलायचं होतं. कुणी म्हणालं, माझा वर्ग म्हणजे फुलबाग. कुणी ज्ञानदीप पाजळला. मीही काहीतरी गोड बोलले असणार. सर उठले आणि म्हणाले, "माझ्या वर्गात शांतता असते, कारण पोरं मला भितात. माझ्या हातानं एका पोराचा कान गेला. मला हे थांबवता येतं का, ते बघायचंय." आणि खाली बसले.

प्रयोग साधा होता. आठवी ब हा त्यांचा वर्ग. त्या वर्गात वर्षभर कुणालाही मारायचं नाही आणि अभ्यास, वर्तन, हजेरी यांत काय फरक पडतो ते लिहून काढायचं. मार्गदर्शकांनी बजावलं, "पोरांना किंवा पालकांना आधी काही सांगू नका. सांगितलंत की निष्कर्ष बिघडला." सरांना तो हुकूम वाटला. पलटणीतला माणूस, हुकूम पाळायचा हे अंगात मुरलेलं.

पण त्यांचा स्वतःच्या हातांवर भरवसा नव्हता. दार उघडून आत जाताना ते दोन्ही हात मागे घ्यायचे आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरायचे. फळ्यावर लिहायचं असेल तेवढाच हात पुढे. पोरं पहिले काही आठवडे चेकाळली. एकानं बाकाखाली बेडूक सोडला. सर बघत राहिले, मनगट पांढरं पडेस्तोवर दाबलेलं. एकदा शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी भिंतीवर मूठ हाणली, बोटांची सालं निघाली. मी हळद लावली आणि म्हटलं, "सोडा हा नाद." तर म्हणाले, "बाई, दारू सोडली तवा एवढा तरास झाला नव्हता."

दिवाळीनंतर मात्र वर्ग बदलला. पोरं प्रश्न विचारायला लागली. दिनकर नावाचा एक पोरगा, पाटलांच्या भावकीतला, आधी बोलायला ततपप करायचा. तो इतिहासावर सरांशी वाद घालायला लागला. सर त्याच्यावर इतके खूष की घरी जेवायला न्यायचे. दिनकरही सरांच्या सावलीसारखा फिरायचा. मला, खरं सांगते, हेवा वाटायचा. माझा प्रयोग भूमितीच्या प्रमेयांवर होता आणि तो काही केल्या हालत नव्हता.

याच वर्गात मधुकर होता. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतला, हुशार, कमी बोलणारा. त्याचा बाप तातोबा रस्त्याच्या कामावर टिकाव मारायचा. थोरला पोरगा आधी बाबर सरांच्याच हाताखालून गेला होता आणि सरांनी त्याला इतरांसारखंच बडवला होता. तातोबाला त्याचं दुःख नव्हतं, उलट तो गावात सांगायचा, "बाबर मास्तर माणूस हाय. पाटलाच्या पोराला ज्या हातानं मारतो त्याच हातानं माझ्या पोराला मारतो." आज वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण तातोबाच्या लहानपणी मास्तर त्याला शिवायला नको म्हणून लांबून ढेकळं फेकून मारायचा. हाताची थप्पड हा त्याच्या लेखी मान होता.

आणि मधुकर घरी जाऊन सांगायचा, सर मला हातच लावत नाहीत. चुकलं तरी लावत नाहीत, बरोबर आलं तरी पाठीवर थाप नाही, हात मागे बांधून लांब उभे राहतात. इतरांचंही तसंच आहे हे बापानं विचारलं नाही, पोरानं सांगितलं नाही. ...आणि सरांनी तर कुणालाच काही सांगायचं नव्हतं!

मधल्या सुट्टीत तातोबा आला. हातात टिकावाचा दांडा. सर पटांगणात उभे होते, हात मागेच. मी खोलीच्या खिडकीतून बघत होते. तातोबा ओरडला, "माझ्या मास्तरानं मला ढेकूळ फेकून मारलं, पर मारलं! तू तर ढेकूळबी मारंनास. एवढा ईटाळ व्हतो व्हय रं तुला?" आणि दांडा घातला. पहिला खांद्यावर, दुसरा डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी खिडकीत ऐकला. तिसऱ्यानं कपाळ फुटलं. सरांनी मनात आणलं असतं तर तातोबाला तिथंच लोळवला असता. त्यांनी मोडक्या हाताचं मनगटसुद्धा सोडलं नाही. डोळ्यांत रक्त ओघळत होतं आणि म्हणत होते, "तातोबा, कुणालाच मारत न्हाई मी. ईचार तुझ्या पोराला."

मधुकर तिथंच उभा होता. बापानं विचारलं, "खरं?" पोरानं मान हलवली. तातोबाच्या हातातून दांडा गळाला. तो मातीत बसला आणि म्हणाला, "मग आदी सांगायचं की वो, मास्तर..."

एवढ्यावर संपलं असतं. पण आमच्या शिपायानं गावात जाऊन बोंब ठोकली होती की वस्तीतल्यानं मास्तराला मारून टाकलं. चावडीवरून माणसं उठली. कुणी काठी, कुणी कुऱ्हाड, कुणी नुसताच आरडाओरडा. मास्तराचं निमित्त, जुनी खुमखुमी सगळ्यांची. मी सरांच्या कपाळाला पदर फाडून बांधत होते, तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं धूर दिसला. सर उठले. मी आडवी झाले, म्हटलं, मराल. मला खांद्यानं ढकलून गेले. मी मागून पळाले.

वस्तीबाहेरची कडब्याची गंज पेटली होती. एका म्हाताऱ्याला दोघं जण फरफटत आणत होते. घरांवर दगड पडत होते, मडकी फुटत होती, आतून बायका किंचाळत होत्या. आणि दगड मारणाऱ्यांत सगळ्यांत पुढे आठवी ब! ज्यांना वर्षभर कुणी बोट लावलं नव्हतं ती पोरं. "आमच्या सरांना मारलं, आमच्या सरांना मारलं" म्हणत, रडत, दगड उचलत होती. दिनकरचा दगड मधुकरच्या आईच्या तोंडावर बसला. ती दारातच कोसळली, दात मातीत पडले. त्यानं दुसरा उचलला.

सर पलटणीतल्या आवाजात ओरडले, पण त्या कालव्यात कुणाला ऐकू जाणार? मग त्यांनी मनगट सोडलं. उजवा हात उचलला आणि दिनकरच्या थोबाडीत दिली. त्या पोराचे पाय जमिनीवरून सुटले. तो पडला तसा आजूबाजूचा गलका बंद झाला. मास्तरानं आपल्याच लाडक्या पोराला का मारलं हे कुणाला कळेना. सर म्हणाले, "मार मी खाल्ला. हिशेब माझा हाय. तुमी कोण रं?" एकेक जण काठी खाली करून मागे फिरला. दिनकर गालाला हात लावून सरांकडे बघत होता. तसं बघणं मी नंतर कुणाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही.

फौजदार आला, सरांनी सांगितलं, पडलो. वस्तीतल्या बायाबापड्यांना मात्र त्यांनी स्वतः नेऊन जबाब द्यायला लावला आणि गंज कुणी पेटवली त्यांची नावंही दिली. गावानं वर्षभर त्यांना दूध घातलं नाही. त्यांचा डावा हात वाकडा जुळला तो जुळलाच.

प्रबंध लिहून झाला तेव्हा कोल्हापुरात मार्गदर्शक म्हणाले, "उत्तम काम आहे. फक्त शेवटचा प्रसंग गाळा. प्रयोग त्याआधीच संपला असं दाखवा." मी शेजारीच बसले होते, टेबलाखालून सरांना पाय मारत होते, की हो म्हणा, हो म्हणा... बढती होती, मुख्याध्यापकपद होतं, सगळं त्या एका 'हो'वर होतं. सर म्हणाले, "साहेब, ती थप्पड हाच माझा निष्कर्ष हाय. ती काढली तर ऱ्हायलं काय?" प्रबंध नामंजूर झाला. माझा भूमितीवरचा मंजूर झाला, त्यात काय होतं ते आता मलाही आठवत नाही.

पुढे सांगलीला शिक्षकांचा मेळावा भरला, आपापली संशोधनं वाचायला. सरांना बोलावलं नव्हतं. मी माझी वेळ त्यांना दिली. त्यांनी सगळं वाचलं, तातोबासकट, थपडेसकट. सभागृहात जी जुंपली! शिक्षक भांडायला लागले की बाजार बरा. एकानं दुसऱ्याची गचांडी धरली, खुर्ची भिरकावली गेली. एक म्हातारे हेडमास्तर टेबलावर हात आपटत ओरडले, "अहो बाबर, मारायचं की नाही मारायचं, तेवढं सांगा!" सर म्हणाले, "मी पोरांना मारायचं सोडलं, चांगलं केलं. पर त्यांच्याशी बोललो न्हाई. माझ्या मनात काय हाय ते पोरांना म्हाईत न्हाई, त्यांच्या बापांना म्हाईत न्हाई. पोरांनी मला जीव लावला, पर माझ्यासाठी दुसऱ्याचं दात पाडू नगा, हे शिकवायचं ऱ्हाऊन गेलं." आणि कागद गोळा करून निघाले. टाळ्या वाजल्या नाहीत. शेवटपर्यंत ते साधे शिक्षकच राहिले. पण तिथून पुढे कुणावर हात उचलला नाही हेही खरं, आणि वर्गात हात मागे बांधले नाहीत हेही खरं. ओळीओळीतून फिरायचे, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे.

आता दहाव्याच्या दिवसाचं सांगते. घाटावरून परत आल्यावर सरांच्या खोलीत एक म्हातारा गृहस्थ कोपऱ्यात बसला होता. मी ओळखलं नाही. "बाई, मी दिनकर," म्हणाला. कराडला त्याचं बियाण्याचं दुकान आहे. मी विचारलं, त्या दिवसानंतर सरांशी कधी बोललास का? तर म्हणाला, "दरसाल दिवाळीनंतर यायचं सर दुकानात. बाकड्यावर बसायचं, च्या प्यायचं आन् जाताना ईचारायचं, 'दिनकर, गेला का रं राग?' मी म्हणायचो, 'न्हाई, सर.' 'बरं' म्हणायचं आन् एसटीला जायचं. मागच्या साली पाय चालंनात, तवा मीच हितं आलो. हितंबी ईचारलं. मी न्हाईच म्हणलो."

माझा पारा चढला. "अरे, मरायला टेकलेला माणूस! एवढी वर्षं झाली, एकदा 'गेला' म्हणायला तुझं काय जात होतं?"

त्यानं सरांच्या रिकाम्या कॉटच्या कडेवरून हात फिरवला.

"राग तर त्याच साली गेला व्हता, बाई. मधुकरच्या आईचं त्वांड बघितलं तवाच. ...पर गेला म्हणलो असतो, तर फुडच्या दिवाळीला सर कशाला आलं असतं?"