वेदीमागची वाट

त्या दुपारी माझा देवावर विश्वास होता की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. बायको अंधेरीच्या एका प्रसूतिगृहात होती. मुलगी सुखरूप झाली, पण हिचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओ निगेटिव्ह रक्त आणा, आणि लवकर आणा." हिचा भाऊ मुलुंडकडे धावला, मी अंधेरी पालथी घातली. कुठेच मिळेना. शेवटी गणपतीच्या देवळात गेलो, तर दार बंद. दुपारी आमचे देव वामकुक्षी घेतात. एरवी मला त्याचं कौतुकच वाटतं.

समोरच्या टेकाडावरचं मोठं चर्च मात्र सताड उघडं होतं.

चपला बाहेर काढून आत शिरलो. पोर्तुगीजांच्या काळातली वास्तू. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपेल. वर लाकडी छत, वर्सोव्याच्या कोळ्यांनी होडी पालथी घालून ठेवावी तसं. समोर भिंतभर कोरीव वेदी, सोन्याचा वर्ख लावलेली, आणि तिच्या कोनाड्यांत ओळीने संत उभे. एवढ्या मंडळींत माझं ऐकणारा एखादा तरी निघेल, असं वाटलं. हात जोडले. पुढे काय करतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून जे येत होतं ते केलं. प्रदक्षिणा घालू लागलो.

आता चर्चमध्ये प्रदक्षिणेला वाट कुठली? वेदी भिंतीला टेकलेली असते. पण त्याच सुमारास त्यांची रीत बदलली होती. पाद्रीबाबांनी लोकांकडे तोंड करून प्रार्थना म्हणावी, म्हणून जुन्या वेदीपुढे नवं दगडी मेज मांडलं होतं. दोहोंमध्ये माणूस जाईल एवढी फट. अनवाणी, पुटपुटत मी तिच्यातून निघालो. दारावरच्या माडीत गाण्याची तालीम चालली होती, ती थांबली.

"ओ भाऊ," गाणारांच्या मास्तरांनी वरून विचारलं, "काही हरवलंय का?"

"अजून नाही," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

मास्तर खाली आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी माडीकडे पाहून हाक दिली, "ए पास्कू, तुझं रक्त तेच ना रे, जे कोणाचंच नसतं?"

"हो, मास्तर. पण माझा सोलो?"

"सोलोपेक्षा तुझं रक्त सुरात आहे. उतर खाली."

पास्कू उतरला आणि त्याच्यामागे सगळी गाणारी मंडळीही. न जाणो, आणखी कुणाचं जुळलं तर. प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात त्यांची इतकी कुजबुज चालली की नर्सने दोनदा दटावलं.

संध्याकाळी हिने डोळे उघडले. मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. ती क्षीण आवाजात म्हणाली, "अहो, मग प्रदक्षिणा अर्धीच राहिली की. जा, पुरी करून या."

मी गेलो. मास्तरांनी मला पाहिलं आणि गाणं न थांबवता नुसती मान हलवली. काही वर्षं आधी आलो असतो तर वेदीमागे वाटच नसती. मी चारचौघांसारखा बाकावर बसलो असतो आणि मला कुणी काही विचारलं नसतं. हा योग होता की कृपा, ते ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. त्या उरलेल्या अर्ध्या फेरीत मला काहीच मागायचं नव्हतं. देवापुढे असं रिकाम्या हाताने चालणं मला तेव्हा पहिल्यांदाच जमलं.