वाटीच्या तळाशी साखर

विरजणासाठी नेलेली आमची वाटी शेजारच्या शहनाजभाभींनी आज सकाळी परत केली. तळाशी चमचाभर साखर होती. "रिकामी कशी देणार?" म्हणाल्या.

मी कॉलेजात इंग्रजीचा इतिहास शिकवते. चढाई करून आलेल्या दर्यावर्दींचे, फ्रेंच बोलणाऱ्या राजांचे, दूरदूरच्या बाजारांतले शब्द घेत घेत ही भाषा कशी वाढली, हे सांगताना दरवर्षी माझा आवाज चढतो. आपली खाटसुद्धा साहेबानं नेली आणि तिची कॉट केली, असं मी मुलांना तावातावानं सांगते. नेलेलं कधी परत केलं का यांनी?

वाटी घेऊन मी आत आले. हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून आई भाड्यानं आणलेल्या कॉटवर असते. इंग्रजीचं एक अक्षरही न शिकलेली माझी आई म्हणाली, "कॉट जरा वर कर गं, तुझं तोंड दिसत नाही."

मी पायथ्याचा दांडा फिरवला. आईचा चेहरा हळूहळू वर येत माझ्यासमोर आला. इथून गेली तेव्हा आपली खाट नुसती सपाट होती.

वाटीतली चिमूटभर साखर मी आईच्या जिभेवर ठेवली.